अनुभव धागा: गडी २५, बाई १२

रानजाई: माळा आवरताना अण्णांची मजुरीची वही सापडली. १९९१ चा पावसाळा, रेखीव अक्षर: गडी २५, बाई १२. आमच्याकडची एक मावशी दोघींची पात एकटी काढायची. तिला कमी का, असं मी विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "खुरपणं बायकांचं काम, त्याला हाच दर." समान वेतनाचा कायदा तेव्हा होता, १९७६ चा, पण कामच बायकांचं ठरवलं की बरोबरी कोणाशी लावणार? काल रात्री झोप लागली नाही. तुमच्याकडचं लिहा.

गोदाकाठ: सेम. औत, फवारणी गड्याची. निंदणी, वेचणी बायकांची. रोजगार हमीवर मात्र दोघांना एकच दर, म्हणून आई पाझर तलावावर जायची. त्या पैशातून मला पहिलं दप्तर आलं, निळं. अजून आहे.

माळरान: आमच्या ऊसतोडीत बाईची वेगळी हजेरीच नाही. नवराबायको मिळून एक कोयता. आगाऊ उचल वडिलांच्या हातात, मुकादमाच्या वहीत नाव त्यांचं. आई सातव्या महिन्यातही मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. बारा हंगाम केले. स्वतः किती कमावलं ते तिला सांगता येत नाही.

सई_२: @माळरान वाचून पोटात तुटलं. आई कशा आहेत आता?

माळरान: कंबर गेली. शेळ्या सांभाळते.

तिसरामजला: आयटी, पुणे. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, पगार कंपनीनेच द्यायचा. परतले तर रेटिंग खाली, "सहा महिने नव्हतीस ना." पगारवाढ टक्क्यांत, त्यामुळे एकदा मागे पडले ती दरवर्षी थोडी आणखी मागे. नवीन नोकरीतही आधी जुनी पगाराची स्लिप मागितली. तिथेही तोच आकडा मानगुटीवर.

ओसरी: मी आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. आम्हाला पगार नाही, मोबदला. कागदावर स्वयंसेविका. रात्री दोनला बाळंतीण घेऊन निघताना स्वयंसेवा वाटत नाही हो. बाकी नंतर, दूध उतू जातंय

गोदाकाठ: भारताच्या क्रिकेटमध्ये २०२२ ला बायका-पुरुषांचे सामन्याचे पैसे सारखे केले, कसोटीला दोघांना १५ लाख. वार्षिक करारात मात्र फरक राहिलाच.

सई_२: माझी लेक नऊ वर्षांची, डावखुरी, फिरकी टाकते! नाशिकला मुलींना शिकवणारं कोणी आहे का?

गोदाकाठ: आहे, खासगी निरोप पाठवते.

रानजाई: @ओसरी दूध उतरवून या, वाट बघतेय.