बदकांची बंदूक नव्या टीव्हीवर चालेना

सिडकोकर:
नाशिकच्या घरी दिवाळीची साफसफाई करताना आईने माळ्यावरून खोकं काढलं. आत माझा व्हिडिओ गेम, बंदूक, पिवळ्या कॅसेटी आणि तळाशी फास्टर फेणेची चार पुस्तकं.

पुस्तकं त्याच रात्री घेतली. बनेश तोच, फुरसुंगीचा, सायकलवर सुसाट, ट्टॉकसुद्धा तेच. लहानपणी चोर कधी सापडतो एवढंच बघत मी पानं उलटायचो. आता मधेच थांबलो. एवढंसं पोर एकटं कुठे कुठे जातं! माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला मी त्रिमूर्ती चौकापर्यंतही एकटं सोडत नाही.

मारिओ लागला. चौथ्या पाईपवर उभं राहून खाली दाबायचं, हे बोटांना आपोआप आठवलं. तळघरातली नाणी बघून मुलगा ओरडलाच. पण बदकांच्या गेममध्ये घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदक काही पडत नाही आणि कुत्रा हसतो. वायर तपासली, ठीक आहे. काय करू?

जुना रिपेअरवाला:
दादा, बंदूक बहुतेक चांगली आहे. तिच्यातून काही सुटत नाही, ती उलट टीव्हीचा उजेड बघते. घोडा दाबला की पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. तो बंदुकीतल्या सेन्सरला दिसला की बदक पडलं. डबा टीव्हीत चित्र लगेच उमटतं. एलईडीत किंचित उशिरा येतं, तोवर गेमने नेम चुकला असं धरलेलं असतं. डबा टीव्ही शोधा. पण मागचं झाकण उघडू नका, बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये करंट राहतो. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सोडा, ओलाव्याने पिना खराब होतात. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा.

गोदाकाठची:
माझे आजोबा १८४० सालच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तकं आणून आम्हाला वाचून दाखवायचे. मागच्या वर्षी त्यातलं एक पुन्हा आणलं. मला सगळ्यात आवडणारा, पुराच्या पाण्यातून वासरू काढण्याचा प्रसंग त्यात कुठेच नव्हता. दोनदा वाचलं. मग आई म्हणाली, "अगं, तो बाबा स्वतः घालायचे. त्यांनी लहानपणी गोदेच्या पुरात वासरू काढलं होतं." त्या दिवशी मला पुढे वाचवेना. दादा, तुम्ही मुलाला मोठ्याने वाचून दाखवा.

सिडकोकर:
दोघांचेही मनापासून आभार. खालच्या काकूंकडे २१ इंची डबा टीव्ही निघाला, वर क्रोशाचा रुमाल अजून तसाच. दोघांनी मिळून वर आणला. पहिलं बदक मुलानेच पाडलं, मग काकूंनी बंदूक मागून घेतली ती तासभर दिलीच नाही. ताई, वाचायलाही लागलोय, रोज झोपताना एक प्रकरण. रिपेअरदादा, आता घोडा दाबला की आतच अडकतोय. स्प्रिंग गेली असेल का? ती कुठे मिळेल?