मदत हवी आहे : ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यावरील कार्यक्रमासाठी

नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीत गायिका-अभिनेत्री ज्योत्स्नाबाईंवर तासाभराचा कार्यक्रम ठरलाय. निवेदन माझ्या गळ्यात पडलंय.

नाटकांचा भाग जुळलाय. १९३३ चं 'आंधळ्यांची शाळा', केशवराव भोळ्यांचं संगीत. स्त्रीपार्टी नटांची, म्हणजे बायकांच्या भूमिका करणाऱ्या पुरुषांची, सवय असलेल्या प्रेक्षकांसमोर त्या भूमिका बायकांनीच केल्या, हे आज सांगायला सोपं वाटतं! मग १९४२ चं 'कुलवधू', मास्टर कृष्णरावांच्या चाली. 'बोला अमृत बोला' ही भैरवी शेवटी ठेवायची, यावर सगळ्यांचं एकमत आहे (एरवी आमच्याकडे चहाच्या वेळेवरही होत नाही).

अडलंय ते इथे :

'मनरमणा मधुसूदना' या पदाचं नोटेशन कुणाकडे आहे का? आमची गायिका काळी एक या पट्टीत गाते, पेटीवाले काका मात्र नोटेशन समोर असल्याशिवाय हात लावत नाहीत.

ज्योत्स्नाबाईंनी बोलपटांतही कामं केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातलं काही बघायला मिळतं का? परवानगीला किती दिवस लागतात?

आणि कुणाच्या आजी-आजोबांनी 'कुलवधू' प्रत्यक्ष पाहिलं असेल, तर त्यांची आठवण फोनवर रेकॉर्ड करून पाठवाल का? दोन मिनिटंही पुरे. तालमी रविवारपासून आहेत, तेव्हा जरा लवकर कळवा.