शब्दचर्चा : देव माणसाला ‘निवडतो’, ‘नेमतो’ की ‘वरतो’?

भाषांतर_दादर
आमच्या चर्चमधल्या मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणतोय. विषय जुनाच: माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या ठरवण्याने होतं की माणसाच्या होकाराने. ‘इलेक्शन’, म्हणजे देवाने माणसाला तारणासाठी निवडणं, या शब्दापाशी अडलोय. मी ‘देवाची निवड’ लिहिलं होतं. वर्ग घेणाऱ्या काकांनी ते खोडून ‘पूर्वनेमणूक’ केलं. त्यांचा आधार बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय, तिथे ‘पूर्वी नेमणं’ आहे. पण इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात निवडणं आणि नेमणं पाठोपाठ येतात, म्हणजे पौलाच्या मनात त्या दोन गोष्टी आहेत. शिवाय ‘नेमणूक’ म्हटलं की नोकरीचं पत्र आठवतं. ‘फ्री विल’ला ‘मुक्त इच्छा’ लिहिलंय, तेही कानाला मराठी लागत नाही. सुचवा.

माजघर
दादा, ‘निवडणं’ सोडू नका. परळला आमच्या चाळीत आजी दुपारी ताट घेऊन दारात बसायची. ‘तांदूळ निवडते’ म्हणायची, पण बोटं उचलायची ते खडे. तांदूळ ताटातच राहायचा. मेथी निवडताना उलट, पानं खुडून घ्यायची, देठं आपोआप मागे पडायची. क्रियापद एकच, पण एकात नको ते काढलं जातं, दुसऱ्यात हवं ते घेतलं जातं. तुमच्या पुस्तिकेतला देव तांदूळ निवडतो की मेथी, ते आधी सांगा.

गिरगावकर
ताई, तुमच्या या ताटावर हॉलंडात डॉर्ट गावी 1618-19 मध्ये सहा महिने धर्मसभा चालली होती! सगळं देवच ठरवतो म्हणणाऱ्या तिथल्या कॅल्विनपंथीयांचं उत्तर मेथीच्या बाजूचं: देव काहींना घेतो, बाकीच्यांना त्यांच्या पापात तसंच राहू देतो. त्यांच्या विरोधातले, डच धर्मपंडित आर्मिनियसचे अनुयायी म्हणत होते, कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच दिसतं आणि त्यावरून तो निवडतो. सभेने ते फेटाळलं.

आमच्या घरात हा वाद जेवणाच्या पाटावर होता. वडिलांकडचे स्कॉटिश मिशनच्या परंपरेतले, म्हणजे जॉन विल्सन 1829 साली मुंबईत आले त्या प्रेस्बिटेरियन वळणाचे. आईकडचे मेथडिस्ट, आणि त्या पंथाच्या संस्थापक वेस्लींना ही आधीच ठरलेली निवड अजिबात मान्य नव्हती. वडील म्हणायचे ‘माझं तारण झालं’. मामा म्हणायचा ‘मी तारण स्वीकारलं’. मराठीत कर्ता बदलला की धर्मशास्त्र बदलतं, हे मला तिथेच कळलं.

संस्कृतप्रेमी
‘वरण’ हा अचूक शब्द आहे. धातू ‘वृ’, निवडणे. वर, स्वयंवर त्यातूनच. कठोपनिषदात म्हटलंय, ‘यमेवैष वृणुते तेन लभ्यः’, तो ज्याला वरतो त्यालाच तो लाभतो. आपल्याकडे इतकी जुनी जागा तयार असताना इंग्रजीमागे धावायचं कशाला?

भाषांतर_दादर
वाक्य सुंदर आहे. पण वर्गात पंचवीस माणसं बसतात, त्यांना वरण म्हणजे ताटातलंच वरण आठवणार.

कुर्ला_लोकल
‘दैव’ किंवा ‘प्रारब्ध’ का नको? सगळ्यांना कळतं.

गिरगावकर
कळतं म्हणूनच नको. प्रारब्ध हे माझ्याच कर्माचं फळ, हिशेब माझ्याच खात्यावर. इथे नेमकं उलट सांगायचंय. याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, बरं-वाईट काही केलं नव्हतं, तेव्हाच निवड झाली, असं पौल रोमकरांच्या नवव्या अध्यायात म्हणतो. संत ऑगस्टीन, माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो या पेलागियसच्या मताशी झगडला तोही यासाठीच, की कृपा कमाईतून मिळत नाही. ‘प्रारब्ध’ लिहिलंत तर पेलागियस मागच्या दाराने आत येईल.

वसईची_लेक
मी कॅथलिक, माहेर वसई, आता वांद्र्याला. आमच्याकडे या दोन टोकांच्या मधली वाट आहे. 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने सांगितलं की पहिलं पाऊल कृपेचंच, पण माणूस तिला साथ देऊ शकतो आणि नाकारूही शकतो. पुढे कृपा आणि इच्छा नेमकी कशी जुळते यावर जेजुइट आणि डोमिनिकन हे आमचेच दोन संघ इतके भांडले की 1607 साली पोपने निकाल न देताच दोघांनाही एकमेकांना पाखंडी म्हणायची मनाई केली.

शब्दाचं म्हणाल तर माझी आई म्हणायची, ‘हाक तो मारतो, ओ आपण द्यायची.’ मला ‘मुक्त इच्छा’पेक्षा यात जास्त सापडतं. ओ द्यायला आधी हाक लागतेच.

दस्तलेखक
‘फ्री विल’साठी शब्द आहे, रोज लिहितो: ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाविना’. राजीखुशी घ्या.

संस्कृतप्रेमी
राजी अरबी, खुशी फारसी. धर्मग्रंथाच्या चर्चेत ‘इच्छास्वातंत्र्य’ असावं.

दस्तलेखक
मग ‘बायबल’ कुठलं? इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सनी 1616 साली मराठीतल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं. ऐकणाऱ्याला जे कळेल ते त्यांनी घेतलं.

गिरगावकर
माझा आक्षेप वेगळा आहे. राजीखुशी म्हणजे जबरदस्ती नाही, एवढंच. दारूत बुडालेला माणूसही राजीखुशीनेच पितो. 1525 मध्ये धर्मसुधारक लूथरने, इच्छा मोकळी आहे म्हणणाऱ्या इरॅस्मसला हेच सुनावलं, की इच्छा खुशीने चालते पण ती बांधलेली आहे. तेव्हा ‘राजीखुशी’ लूथरलाही चालेल, आणि मग वाद कशावर होता ते दिसणारच नाही. इथे ‘इच्छास्वातंत्र्य’ बरं.

कुर्ला_लोकल
मध्येच विचारतो, ‘तारण’ म्हणजे सोनेतारणातलं तारण तेच का? स्टेशनबाहेरच्या पाट्यांवर रोज वाचतो.

दस्तलेखक
माझ्या मते तेच. मराठीत कर्ज ‘बुडतं’. ते बुडू नये म्हणून ठेवलेली वस्तू ते तारण. ‘तॄ’ धातू, पार होणे.

माजघर
पण मग सोनं ठेवतो तो ऋणको आणि तरतो सावकार! ख्रिस्ताने स्वतःला तारण ठेवलं असं म्हटलं तर कोण कोणाचं देणं लागतं?

वसईची_लेक
ताई, मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ख्रिस्त आपला जीव देतो त्यासाठी ‘खंडणी’ शब्द आहे. मुंबईत तो उच्चारला की काय आठवतं तुम्हाला माहीतच आहे. चर्चमध्ये तो वाचला जातो तेव्हा दर वेळी माझा जीव चरकतो.

भाषांतर_दादर
मंडळी, ‘निवड’कडे येऊया. एक सापडलंय. इफिसकरांस पत्रात नुसतं ‘निवडले’ नाही, ‘निवडून घेतले’ आहे. निवडून देणं मतदारांचं, निवडून येणं उमेदवाराचं, निवडून घेणं स्वतःसाठी. मूळ ग्रीक क्रियापदही स्वतःसाठी करण्याच्या प्रयोगात आहे. जुन्या भाषांतरकाराने ‘घेणे’ जोडून ते बरोबर पकडलं. मला हे फार मोलाचं वाटतं. अडचण एवढीच, धड्याच्या मथळ्याला नाम हवं, आणि ‘निवडून घेणे’ मथळ्यात बसत नाही.

संस्कृतप्रेमी
स्वीकरण?

माजघर
त्यात बाकीचे ताटातच राहिले हे कुठे दिसतं?

दस्तलेखक
खंडणीचं काय झालं? जुन्या कागदांत ती मांडलिकाने भरायची रक्कम आहे, धमकीचा वास तिला बराच नंतर लागला असावा. कोणाकडे मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश आहे का हाताशी?