दुसऱ्या संध्याकाळचं आकाश डकवायचं आणि खाली 'नो एडिट' लिहायचं?

पाणलोट:
'एडिटिंगला नाकं मुरडू नका' या धाग्यावर प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबला म्हणून हा वेगळा धागा. तिथले लेखकमहाशय म्हणतात, भर दुपारी पोचलो, आकाश पांढरंफटक होतं, मग सॉफ्टवेअरमधलं संध्याकाळचं आकाश लावलं. अमेरिकन निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स तरी डार्करूममध्ये दुसरं काय करत होता?

बरंच काही करत होता! १९२७ साली कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत हाफ डोम या कड्याचा फोटो काढताना त्याने आधी लेन्सवर पिवळा फिल्टर (रंगीत काच) लावून एक प्लेट घेतली. पण मनातलं काळंभोर आकाश त्यात येणार नाही हे लक्षात आल्यावर पुढची प्लेट गडद लाल फिल्टर लावून घेतली. लाल काचेने निळा प्रकाश अडवला, बस्स. आकाश त्याच जागेचं, त्याच वेळचं होतं. तुमच्या फोटोत सावल्या झाडांच्या बुंध्याशी गोळा झाल्यात आणि मागे सूर्य क्षितिजाला टेकलाय. दोन सूर्यांचा हा ग्रह कुठला, तेवढं सांगा.

बिनकामाची_लेन्स:
तो लेखकमहाशय मीच. लाल फिल्टर चालतो, आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर चालतो, ३० सेकंदांचं एक्स्पोजर देऊन, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवून, धबधब्याचं दूध केलेलंही चालतं. तसं पाणी डोळ्यांना कधी दिसलंय? ॲडम्सचाच १९४१चा 'मूनराइज, हर्नांडेझ' हा फोटो घ्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग आहेत, नंतरच्या प्रिंटमध्ये जवळजवळ काळोख. निगेटिव्ह एकच. मग रेघ कुठे ओढायची, आणि ती तुम्हीच का ओढायची? आम्हाला सुट्टी मोजकी मिळते. ढग आले म्हणून तंबू ठोकून बसायचं का?

पाणलोट:
ढग आले तर ढगांचा फोटो काढा की! जंगलात आणि धबधब्यापाशी ढगाळ उजेडासारखा उजेड नाही. पण त्याला लाइक मिळत नाहीत, हे खरं दुखणं.

गवताळ:
आकाश डकवा नाहीतर डायनासोर डकवा, त्याने डोंगराचं काही बिघडत नाही. बिघडतं ते ठिकाण जाहीर केल्याने. एका ओळखीच्याने पाणथळ कुरणाचा फोटो नकाशासकट टाकला. पुढच्या हंगामात गेलो तर फुलांमधून पायवाट पडलेली, आणि जो तो त्याच खडकावरून तोच फोटो काढतोय. आइसलँडमधल्या फ्याद्रार्ग्ल्युफुर दरीत (जीभ सांभाळा) २०१५ साली जस्टिन बीबरचं गाणं चित्रित झालं. पुढे एवढी रीघ लागली की २०१९ मध्ये दरी काही काळ बंद ठेवावी लागली.

दमलेला_हमाल:
गवताळराव, तुम्ही गेलात की निसर्गप्रेम आणि आम्ही गेलो की गर्दी, असं ना? तुम्हालाही ते कुरण कुणीतरी दाखवलंच असेल. आणि आधी फुलं तुडवतो कोण? वाइड अँगल लेन्स लावून गवतात आडवा पडणारा फोटोग्राफर.

गवताळ:
मी कधीच आडवा पडत नाही. माझी फुलं लांबून, टेलीने (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने) घेतलेली असतात.

दमलेला_हमाल:
तुमच्या प्रोफाइलवरच्या फोटोत फूल डोंगराएवढं दिसतंय. टेलीने मागचा डोंगर मोठा दिसतो, साहेब. फूल तेवढं मोठं करायला नाक त्याला टेकवावं लागतं.

गवताळ:
खडकावर बसून काढलाय. लोकांचे फोटो उकरून काढण्याएवढा वेळ असेल तर एखादी वाट झाडायला जा.

उशिरा_आलेली:
भांडा सावकाश. पण नाव लपवून गर्दी थांबत नाही, फक्त अर्धवट माहितीवर लोक निघतात. नॉर्वेतल्या ट्रोलटुंगाच्या फोटोत जिभेसारख्या बाहेर आलेल्या खडकावर एकटा माणूस दिसतो. मागची रांग दिसत नाही, जाऊन-येऊन सुमारे २७ किलोमीटरची चालही नाही. मग लोक साध्या बुटांत, पाण्याची एक बाटली घेऊन निघतात. ठिकाण सांगा, पण वाट किती लांब आहे, कुठे पाय ठेवू नये, हेही सांगा. रांग कापून 'मी आणि निसर्ग' लिहिणं हे आकाश डकवण्याहून फार वेगळं नाही.

गवताळ:
२०१८ साली अमेरिकेतल्या जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळानेच आवाहन केलं होतं की नेमकी जागा टॅग करू नका. पर्यटनावर जगणाऱ्यांना कळतं, आपल्याला नाही. बरं, माहितीसकट कुणी सांगत असेल तर प्रसिद्ध जागांपुरतं मान्य. कुरणाचं नाव मात्र मी मेलो तरी सांगणार नाही.

बिनकामाची_लेन्स:
माझा विषय पळवून झाला असेल तर बोलतो. यापुढे 'नो एडिट' लिहिणार नाही. 'आकाश: सॉफ्टवेअरच्या सौजन्याने' असं लिहीन. पाणलोटसाहेबांनी मात्र 'धबधबा: ३० सेकंद ढवळलेला' असं लिहावं.

पाणलोट:
लिहितो. एक्स्पोजर मी आजवर लपवलेलं नाही. पण निदान सावल्या तरी जुळवा हो, बघवत नाही.

दमलेला_हमाल:
आणि कठड्यावर ट्रायपॉडचे तीन पाय फाकवून पहाटेच्या अंधारापासून जागा अडवणाऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. रात्री वेगळा धागा काढतो.