रि: रि: कोल्हापूरची पोरं आणि बूट (अर्जंट!!)

मंडळी, कोल्हापूरची पोरं दहा दिवस फुटबॉल शिकायला इथं म्युनिकला येतायत. ग्राउंड शुक्रवारपासून मिळालंय पण कुन्स्टरासेन (कृत्रिम गवत) आहे, आणि प्लॅट्झवार्टने (ग्राउंड सांभाळणाऱ्याने) पोरांच्या बुटांचे फोटो बघूनच सांगितलं की खाली मेटल स्टड असतील तर गेटातूनच परत. 16 पैकी 11 जणांचे तसलेच आहेत. मुलांचे जुने बूट, खाली रबराच्या बारक्या गोट्या असलेले, साइज 37 ते 41, असतील तर गुरुवारपर्यंत पासिंगला आणून द्या प्लीज.
– सेक्रेटरी

नातवाचे 38 चे आहेत, एकाची अंगठ्याकडे शिवण उसवलीय, चालेल का? आणि जेवणाचं कोण बघतंय? रविवारी दुकानं बंद, मटण शनिवारीच आणावं लागेल. मोठा कुकर कुठाय?
– माई

कुकर गणपतीनंतर कुणी नेला ते नेणाऱ्यालाच माहीत, मी तेव्हाच मेल टाकली होती. हॉलची चावी माझ्याकडेच राहील. बुटांना मंडळाचे पैसे मिळणार नाहीत, ही काय 2023 च्या बायर्न कपसारखी (महाराष्ट्र सरकार आणि बायर्न म्युनिक क्लबची स्पर्धा) सरकारी निवड नाही, पालकांनी लाखांत भरलेत. त्यांना वाटतं इथला क्लब पोरगं ठेवून घेईल. फिफाच्या नियमात 18 च्या आत परदेशी क्लबला घेताच येत नाही, आईबाप फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने इथं राहायला आले वगैरे असेल तरच.
– आप्पा (खजिनदार)

आप्पा, ठेवून घ्या म्हणतंय कोण? आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 चा अंडर-17 वर्ल्डकप खेळला, 2019 ला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न क्लबला तीन महिने ट्रेनिंग केलं, क्लबचे मालक पुण्याचे व्यंकीज, तरी परत येऊन इंडियातच खेळला की. म्हणून ते तीन महिने वाया गेले व्हय? कोल्हापुरात शाहू स्टेडियमला पाटाकडील-शिवाजी या तिथल्या दोन टीमांची मॅच बघितलीय न्हवं, ईर्षा आमच्या पोरांना कुणी शिकवायला नको. पण लेकीच्या प्रॅक्टिसला मी दर मंगळवारी थंडीत उभा असतो, तिथं आठ वर्षांच्या पोरींना कोच सारखा "शुल्टरब्लिक!" ओरडतोय, म्हणजे बॉल पायात यायच्या आधी मान वळवून मागं कोण आहे बघायचं. मी पेठेत दहा वर्षं खेळलो, मला हे कुणी एकदा पण सांगितलं नाही, बॉल आला की खाली मान घालून पळायचं एवढंच. दहा दिवसांत पोरं तेवढं जरी शिकली तरी बास.
– बापू

बापू, ते सगळं खरं, पण तांबडा-पांढरा दोन्ही करायचा तर मला दोन माणसं लागतील.
– माई

6 जोड जमले, आभार. माई, उसवलेला पण द्या, शिवून घेतो. 41 कुणाकडेच नाही का? गोलकीपरचा तोच साइज आहे.
– सेक्रेटरी

कुकर आमच्या तळघरात निघाला. सॉरी आप्पा.
– बापू