मदत हवी आहे : उन्हाळ्यात थायरॉइडची गोळी कुठं ठेवायची?
गरोदरपणात दबलेली प्रतिकारशक्ती बाळंतपणानंतर उसळते आणि काहींच्या थायरॉइडवरच उलटते, मग ही ग्रंथी मंदावू शकते. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) बहुधा पॉझिटिव्ह येतं. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सुरू करून ६-८ आठवड्यांनीही टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक) उतरला नाही, तर डोस वाढवण्याआधी लोहाची लाल गोळी नि कॅल्शियम सोबतच घेतात का ते विचारा. ४ तासांचं अंतर हवं. उपाशीपोटी गोळी, अर्ध्या तासानं चहा, रात्री लोह. एवढं बाया पाळतात.

अडतं ते उन्हापाशी. मे महिना, पारा ४५ वर, टिनाचं छप्पर, घरी फ्रिज नाही. गोळी ३० अंशांखाली राहायला हवी. माठाला टेकवून ठेवली की ओल धरते, तीही वाईटच. गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप) न फाडता घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा माठाजवळ ठेवायचा, हे कोणी करून पाहिलं का? एका वेळी किती दिवसांच्या गोळ्या देता?