इसीडब्ल्यू नेमकी सुरू कशी झाली अन् बंद काऊन पडली?

धानकरी_ब्रह्मपुरी
नमस्कार मंडळी. धान कापून झाला, चुरणं बाकी आहे, म्हणून संध्याकाळी थोडा वेळ भेटून रायला. परवा माळ्यावरचा डबा काढला तर माझे शाळेतले कुस्तीचे ट्रम्प कार्ड निघाले, रबर लावून ठेवलेले, हाताचा घाम लागून कडा पार काळ्या झालेल्या. रँक, छाती, बायसेप, सगळं अजून तोंडपाठ आहे मले. पोरगा सहावीत आहे, त्यानं रॉब व्हॅन डॅमचं कार्ड उचललं अन् विचारलं, बाबा हा कोणत्या कंपनीचा? मी म्हटलं इसीडब्ल्यूचा, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्तीची एक कंपनी, पण पुढचं काही सांगता आलं नाही. आम्ही २००६ नंतरची इसीडब्ल्यू केबलवर पाह्यली, बिग शो चॅम्पियन होता ती. जाणकार म्हणतात ते खरी नव्हे, खरी त्याच्या आधीच संपली. मग खरी कोणती? अन् ते तंबोला खेळायच्या हॉलमधे कुस्त्या लावत हे खरं आहे का? कोणी नीट सांगितलं तर पोराले सांगीन.

रातकिडा_साकोली
दादा, हॉलचं एकदम खरं आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या दक्षिण भागात, मोठ्या हायवेच्या पुलाखाली एक गोदामासारखा हॉल, तिथं लोकं बिंगो खेळत, म्हणजे आपला तंबोलाच. माणसं मावत हजार-बाराशे. त्या शहरात आधी ट्राय-स्टेट नावाची एक छोटी कंपनी कुस्त्या लावायची, तिच्यातच टॉड गॉर्डन म्हणून एक माणूस होता ज्याचं घरचं दागिन्यांचं अन् गहाणवटीचं दुकान होतं. ट्राय-स्टेट बुडाली अन् १९९२ मधे यानं स्वतःची सुरू केली, नाव ईस्टर्न चॅम्पियनशिप रेसलिंग. म्हणजे इसीडब्ल्यूतला ई आधी एक्स्ट्रीमचा नव्हताच, पूर्वेचा होता. कुस्त्या कोणाच्या लावायच्या, कोण जिंकन हे ठरवणारा पहिले एडी गिल्बर्ट होता, तो १९९३ मधे कंपनी सोडून गेला अन् त्याच्या जागी पॉल हेमन आला. रोमन रेन्सच्या मागं उभा राहायचा तोच हेमन, तेव्हा पोट्टाच होता, तिशीसुद्धा नव्हती.

आता २७ ऑगस्ट १९९४ ची रात्र, कारण सगळं तिथं फिरलं. एनडब्ल्यूए ही अमेरिकेतली जुनी संघटना, तिचा जागतिक विजेतेपदाचा पट्टा तेव्हा कोणाकडेच नव्हता, म्हणून त्याच हॉलमधे स्पर्धा घेतली. फायनलमधे शेन डग्लसनं टू कोल्ड स्कॉर्पिओले हरवलं. पट्टा हातात घेतला, माइक घेतला, त्या पट्ट्याच्या जुन्या मोठ्या पैलवानांची नावं घेऊन बोलू लागला, लोकांले वाटलं आता हा रडते का काय. अन् त्यानं तो पट्टा खाली फेकून दिला, म्हणाला ही मेलेली संघटना आहे, मले तिचा चॅम्पियन व्हायचं नाही, अन् इसीडब्ल्यूचा पट्टा उचलून हाच जागतिक पट्टा म्हणून सांगितलं. हे गॉर्डन, हेमन अन् डग्लसनं आधीच ठरवलं होतं, एनडब्ल्यूएच्या माणसाले मात्र पत्ता नव्हता. त्यानंतर ईस्टर्नचं एक्स्ट्रीम झालं. मी हा व्हिडिओ कितीदा पाह्यला मलेच माहीत नाही, पट्टा पडतो तेव्हा पाठीमागची माणसं पाहा, अर्धे तोंड उघडं टाकून उभे आहेत.

अन् प्रेक्षक हेच तिचं खरं भांडवल होतं. तेच तेच लोकं दर वेळी त्याच खुर्च्यांवर, घरून तवे न् काय काय घेऊन यायचे की पैलवानानं हे वापरावं. १९९४ मधेच एकदा टेरी फंकनं रिंगमधून ओरडून एक खुर्ची मागितली, तर चारही बाजूनं खुर्च्यांचा पाऊस पडला, आत पडलेले दोन पैलवान खुर्च्यांखाली दिसेनासे झाले.

आखाडा_अमरावती
वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट सुटली म्हणून लिहितो, नाहीतर पोराले वाटन तिथं फक्त टेबल फोडत अन् रक्त काढत. मी लहानपणी मातीत खेळलेलो माणूस, आमच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, त्या वातावरणात वाढलो, अन् आमचे वस्ताद टीव्हीवरच्या या सगळ्याले नुरा कुस्ती म्हणत, निकाल आधीच ठरलेला म्हणून. निकाल ठरलेला असतो हे खरंच आहे. पण २६ ऑगस्ट १९९५ ची एडी गरेरो अन् डीन मलेंकोची कुस्ती पाहा, तीन पैकी दोन पाडाची, त्याच हॉलमधली. हात कसा धरला, वजन कुठं टाकलं, पाय कसा अडकवला, एकही पकड उगाच नाही. दोघंही मोठ्या कंपनीत जाणार हे लोकांले माहीत होतं, ती त्यांची तिथली शेवटची कुस्ती, अन् जे पब्लिक खुर्च्या फेकत होतं तेच पब्लिक उभं राहून जाऊ नका जाऊ नका म्हणून ओरडत होतं. मी हे वस्तादांले दाखवलं होतं मोबाईलवर. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले परत लाव, ते पायाचं परत दाखव.

रे मिस्टेरिओ पण अमेरिकेतल्या लोकांनी त्याच वर्षी तिथंच डोळे भरून पाह्यला.

बांधीवरचा_मांडव
मी बंद काऊन पडली ते सांगतो कारण ते मले जवळून कळते. मी वडसाकडचा, सहा सीझन झाडीपट्टीच्या नाटकाच्या लाइटवर काम केलं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागली की धान कापलेल्या बांधीत मांडव, रात्री नाटक सुरू ते पहाटेपर्यंत, तेच गावकरी दरवर्षी, नट कुठं चुकला ते पुढं बसलेली बुढी सांगते. इसीडब्ल्यूचा हॉल मले तसाच वाटते. अन् अडचण पण तीच. पब्लिक जीव टाकते पण मांडवात मावणारी माणसं तेवढीच, खर्च मात्र दरवर्षी चढत जाते.

१३ एप्रिल १९९७ ले त्यांचा पहिला पे-पर-व्ह्यू झाला, म्हणजे घरी बसून पैसे भरून पाहायचा शो. टेरी फंक पन्नाशी ओलांडलेला, तो शेवटी चॅम्पियन झाला, अन् प्रक्षेपण संपल्यावर थोड्याच वेळात हॉलची लाइट गेली. मी लाइटवाला माणूस, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, पाच-दहा मिनिटं आधी गेली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. मग १९९९ च्या ऑगस्टपासून देशभर दिसणारं चॅनेल भेटलं, टीएनएन. पण तोपर्यंत नाव कमावलेला पैलवान दोन मोठ्या कंपन्या, डब्ल्यूसीडब्ल्यू अन् डब्ल्यूडब्ल्यूई (तेव्हा नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ), उचलून नेत होत्या. एप्रिल २००० मधे तर माइक अवसम चॅम्पियन असतानाच डब्ल्यूसीडब्ल्यूत गेला, मग पट्टा सोडवायले ताझ आला, जो तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूईच्या पगारावर होता. बाहेरच्या दोन कंपन्यांचे माणसं यांच्या पट्ट्यासाठी लढले, विचार करा हालत. त्याच वर्षी टीएनएननं डब्ल्यूडब्ल्यूईचा शो घेतला अन् ऑक्टोबरमधे यांले काढलं. पैलवानांचे पैसे थकले. शेवटचा शो १३ जानेवारी २००१, आर्कान्सातल्या पाइन ब्लफ नावाच्या गावात, एप्रिलमधे दिवाळखोरी, कर्ज ८० लाख डॉलरच्या वर. २००३ मधे नाव, पट्टे, व्हिडिओ सगळं डब्ल्यूडब्ल्यूईनं घेतलं, म्हणून तुम्हाले २००६ ची ते दिसली.

पैसे थकले असताना लोकं शेवटपर्यंत काऊन थांबले असं बाहेरचे विचारतात. माझ्या एका सीझनच्या अकरा नाइटचे पैसे आजपर्यंत नाही भेटले, पण बाराव्या नाइटले मी गेलो होतो. मांडव लागला, लोकं येऊन बसले, मग लाइट कोण लावन?

धानकरी_ब्रह्मपुरी
मनापासून आभार सगळ्यांचे, एवढं कोणी लिहीन वाटलं नव्हतं. बांधीवरचा भाऊ, तुमचं शेवटचं दोनदा वाचलं. पोराले पट्टा फेकल्याचं सांगितलं तर तो लगेच म्हणे दाखवा. आता आधी गरेरो-मलेंको लावतो का शेन डग्लस? अन् तो हॉल आहे का अजून, का पाडला?

रातकिडा_साकोली
आहे ना दादा. दुरुस्त केला, आता त्याले २३०० अरेना म्हणतात, कुस्त्या अजून होतात तिथं. आधी शेन डग्लस लावा, पोरगं लहान आहे, ते लवकर पकडन. गरेरोवाली रविवारी, दोघं निवांत बसून.